जेथे ऐरण पोहोचत नाही



माझ्या लहानपणी आमच्या घरासमोर एका लोहाराचे दुकान होते. दुकान कसले, चार मेढींवर टाकलेले एक छप्पर, आणि त्याखाली भाता, भट्टी, ऐरण व पाण्याने भरलेली एक दगडी डोणी. बैलगाडीच्या चाकांच्या धावा तेथे सांधल्या जात. धावेची दोन्ही टोके भट्टीत घालून लोहार नुसता बसून राही. आम्हां मुलांना वाटे की, हा आता काहीच करीत नाही. पण त्याचे सारे लक्ष लोखंडाच्या रंगावर असे. तांबडा जाऊन पिवळा आला, पिवळा जाऊन ठिणग्या टाकणारा पांढरा आला, की तो टोके झटकन बाहेर ओढी, चिमूटभर टांकणखार त्यांवर टाकी, आणि त्याचा मुलगा घण घाली. तीन-चार घाव नेमके बसले की सांधा झाला. एखादा घाव उशिरा पडला, तर सगळे काम पुन्हा भट्टीत जाई आणि मुलाला बापाचे चार शब्द ऐकावे लागत.

पुढे यंत्रविद्येचा अभ्यास करताना मला उमगले की, धातू सांधण्याच्या शास्त्रातील बहुतेक तत्त्वे त्या छपराखाली रोज पाळली जात होती. दोन तुकडे एकजीव व्हायचे तर त्यांना पुरेशी उष्णता हवी. त्यांचे पृष्ठभाग निर्मळ हवेत. तापलेल्या लोखंडावर हवेतील प्राणवायू क्षणात पापुद्रा धरतो, आणि टांकणखार तो पापुद्रा पातळ करून वाहून नेतो. शिवाय सांधा आपल्या गतीने निवायला हवा. डोणीतले पाणी विळ्याकोयत्यांच्या पात्यांसाठी होते. पात्याला पाणी दिले की ते कठीण होते, धार धरते, पण त्याबरोबर ठिसूळही होते. धावेचा सांधा निवेपर्यंत लोहार त्या डोणीकडे वळत नसे.

ही विद्या आपल्या देशात फार जुनी आहे. दिल्लीला मेहरौली येथे गुप्तकाळातील जो लोहस्तंभ उभा आहे, तो सात मीटरांहून उंच व सहा टनांहून जड आहे. पण तो साच्यात ओतलेला नाही. भट्टीतून काढलेले लोखंडाचे गोळे तापवून, एकावर एक ठोकून, तो घडविलेला आहे. म्हणजे तो स्तंभ आरंभापासून शेवटपर्यंत एक लांबलचक सांधाच आहे, असे म्हटले तरी चालेल. तो न गंजण्याबद्दल पुष्कळ बोलले जाते; तो जोडला कसा गेला, याबद्दल त्या मानाने फारच थोडे.

परंतु आज मला आपणांशी बोलायचे आहे ते वेगळ्याच सांध्यांविषयी. भट्टी, भाता आणि ऐरण जेथे नेताच येत नाहीत, जेथे माणसाने उभे राहणेही कठीण, तेथे धातू जोडायचा कसा?

यांतला सर्वांत सोपा प्रकार आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. रात्रीच्या वेळी गाडी एखाद्या आडस्थानकावर उगीचच खोळंबते. खिडकीतून पाहावे तो दूर रुळांवर एकदम डोळे दिपविणारा प्रकाश उफाळतो, आणि अर्ध्याएक मिनिटात पुन्हा काळोख. तेथे दोन रूळ जोडले जात असतात. ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाच्या गंजासारखी भस्मपूड एकत्र करून पेटविली, तर ॲल्युमिनियम गंजातील प्राणवायू हिसकावून घेते आणि निर्भेळ लोखंडाचा रस सुटा होतो. या झटापटीत उष्णता सुमारे 2500 अंश सेल्सिअसपर्यंत चढते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स गोल्डश्मिट याने 1895 साली या कृतीचे पेटंट घेतले आणि 1899 मध्ये एसेन शहरातील ट्रामचे रूळ तिने जोडले गेले. आज आपल्या रेल्वेवर दोन रुळांच्या मध्ये सुमारे पंचवीस मिलिमीटरांची फट ठेवतात, तिच्याभोवती वाळूचा साचा बसवितात, रुळांची टोके ज्योतीने शेकतात आणि वर मुशीत ती पूड पेटवितात. वीज नको, यंत्र नको. घाटातल्या एखाद्या वळणावर चारपाच माणसे खांद्यावरून सारा कारखाना नेतात आणि दोन गाड्यांच्या मधल्या अवधीत काम उरकून परत येतात. त्यांना एकाच गोष्टीची धास्ती असते, आणि ती म्हणजे ओल. मुशीत थोडा जरी दमटपणा राहिला, तरी त्याची क्षणात वाफ होते आणि तप्त रस अंगावर उसळतो.

ओलीची ही भीती ध्यानात ठेवा, कारण आता आपणांला पाण्यातच उतरायचे आहे.

जहाजाचा तळ फुटला, धक्क्याचा लोखंडी खांब गंजला, पुलाच्या पायातील पत्रा सुटला, तर तो भाग कोरड्यात आणता येतोच असे नाही. जहाज गोदीत घेता येते, पण गोदीपर्यंत ते तरले पाहिजे ना! म्हणून पाण्याखालीच विजेची ज्योत पेटवून पोलाद वितळविण्याचा विचार अभियंत्यांच्या मनात आला. सोव्हिएत संघातील कोन्स्तान्तीन ख्रेनोव्ह यांनी 1932 साली या कामासाठी खास रॉड बनविले आणि त्यांची काळ्या समुद्रात परीक्षा घेतली. रॉड म्हणजे पोलादाची कांडी आणि तिच्यावरचा लेप. हवेतल्या कामात हा लेप जळून धूर व मळी उत्पन्न करतो आणि वितळलेल्या धातूला हवेपासून जपतो. लोहाराच्या टांकणखाराचेच ते काम. पाण्यात तो लेप भिजून सुटू नये म्हणून त्यावर मेणासारखा अथवा वार्निशासारखा जलरोधक थर द्यावा लागतो.

पाण्याखाली अग्नी पेटतो कसा, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आलाच असेल. ज्योत पेटते ती पाण्यात नसतेच मुळी. कांडीच्या टोकाशी विजेची ठिणगी पडताच भोवतालच्या पाण्याची वाफ होते, वाफेचे विघटन होऊन हायड्रोजन व प्राणवायू सुटतात, लेपही जळून वायू देतो, आणि या साऱ्यांचा एक बुडबुडा कांडीच्या टोकाभोवती तयार होतो. त्या चिमुकल्या बुडबुड्यात हजारो अंशांची ज्योत जळत राहते. बुडबुडा वाढतो, सुटून वर जातो, त्याच्या जागी दुसरा येतो. लेप मधल्या धातूपेक्षा किंचित उशिरा जळत असल्याने कांडीच्या टोकाशी एक छोटीशी वाटी बनते. म्हणून पाणबुड्या कांडी सांध्यावर टेकवून, ओढत नेतो. हवेत काम करणारा कारागीर ज्योतीची लांबी डोळ्यांनी सांभाळतो. पाण्याखाली डोळ्यांचा भरवसा धरता येत नाही.

एका बंदरात मी असे काम चाललेले पाहिले आहे. पाहिले म्हणजे काय, तर धक्क्यावर उभे राहून गढूळ पाण्यातून वर येणारे बुडबुडे पाहिले, आणि मधून मधून खोल कुठेतरी हिरवट उजेडाची थरथर. पाणबुड्या वर आला तेव्हा मी त्याला विचारले की, खाली किती दिसते. त्याने आपला हात लांब केला आणि कोपराशी बोट ठेवले. भरतीच्या ओढीने अंग हलत असते, चिखलाने पाणी दाटलेले असते, आणि ज्योत पेटली की बुडबुड्यांचा पडदा उभा राहतो. डाव्या हाताची बोटे सांध्याच्या कडेवर ठेवून उजव्या हाताने तो कांडी पुढे सरकवीत होता. आंधळ्याने ओळखीच्या घरात भिंतीला हात लावून चालावे तसे.

विजेचे भय तर उघडच आहे. या कामाला एकदिश प्रवाहच वापरतात. प्रत्यावर्ती प्रवाहाने स्नायू आखडून माणूस जागीच जखडला जाण्याचा धोका फार मोठा. पाणबुड्याच्या हाती विजेची कळ नसते. ती वर, होडीवर, त्याच्या सोबत्याच्या हाताशी असते. कांडी सांध्याला लागली की पाणबुड्या दूरध्वनीवरून प्रवाह सोडण्यास सांगतो. कांडी संपत आली की बंद करण्यास सांगतो. आणि कळ उघडल्याचे उत्तर वरून आल्याशिवाय नवी कांडी बसवीत नाही. दर कांडीला हा संवाद. दिवसभरात तो कित्येक वेळा होतो, पण एकदाही गृहीत धरता येत नाही. कांडी आणि प्रवाहाच्या परतीची तार यांच्या मधोमध आपले शरीर कधीही येऊ द्यायचे नाही, हा दुसरा नियम. जुन्या पाणबुड्यांना तोंडात धातूची चव येते असे ते सांगतात. दातांत भरलेल्या चांदीवर हा प्रवाह आपला परिणाम करतो.

तिसरा धोका अधिक कपटी आहे. मघाशी सांगितलेला हायड्रोजन आणि प्राणवायू बुडबुड्यांतून वर जातात खरे. पण वर मोकळे पाणी असेल तर. बुडालेल्या जहाजाच्या पोटात काम चालले असेल, तर हे वायू वरच्या तक्तपोशीखाली, एखाद्या कोनाड्यात साचतात, आणि पुढची ठिणगी तेथवर पोहोचली की स्फोट होतो. पोलाद कापण्याच्या कामात तर पोकळ कांडीतून मुद्दाम प्राणवायू सोडलेला असतो, त्यामुळे हे भय दुणावते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी वायू निसटून जाण्यासाठी वर भोके पाडून ठेवावी लागतात. 1941 च्या डिसेंबरात पर्ल हार्बर येथे बुडालेली जहाजे वर काढताना अमेरिकन पाणबुड्यांनी सुमारे पाच हजार बुड्या मारल्या आणि सुमारे वीस हजार तास पाण्याखाली काढले. तेल, चिखल आणि काळोख यांनी भरलेल्या त्या दालनांत पोलाद कापताना असे स्फोट होत, आणि त्यांत माणसे जायबंदी होत.

इतके सगळे सांभाळून सांधा झाला, तरी तो चांगला झाला काय? येथे लोहाराची डोणी आठवते. तो ज्या पाण्याकडे सांधा निवेपर्यंत पाहत नसे, त्या पाण्यातच हा सांधा जन्मतो. वितळलेल्या पोलादातील उष्णता समुद्र काही सेकंदांत शोषून घेतो. सांध्याच्या कडेचे पोलाद जणू कोयत्याच्या पात्यासारखे पाणी पिऊन कठीण आणि ठिसूळ होते. त्यात भर हायड्रोजनची. तप्त रसात हा वायू भराभर विरघळतो आणि रस गोठताच आत अडकून पडतो. त्याचे अणू इतके सूक्ष्म की घन पोलादातूनही ते हळूहळू वाट काढीत सरकतात, ठिसूळ जागी जमतात, आणि तेथे चीर पाडतात. ही चीर तत्काळ पडत नाही. सांधा तपासून, योग्य म्हणून शेरा मारून, माणसे घरी गेल्यावर, एक-दोन दिवसांनी ती उघडते. म्हणून शहाणा निरीक्षक अशा सांध्याची तपासणी मुद्दाम उशिरा करतो. अलीकडे एका थरावर दुसरा थर ठराविक वेळेच्या आत घालून, वरच्या थराच्या उष्णतेने खालच्याचा ताठा उतरविण्याची युक्ती वापरतात आणि तिचा चांगला उपयोग होतो. तरीही कर्बाचे प्रमाण अधिक असलेल्या पोलादावर ओला सांधा हा जोखमीचाच.

येथे थोडे विषयांतर करून उलट्या टोकाकडे वळतो. पाण्यात सगळीकडून दाब, तर अवकाशात दाबाचा मागमूस नाही. 1969 सालच्या ऑक्टोबर महिन्यात ‘सोयुझ 6’ या सोव्हिएत यानात शोनिन आणि कुबासोव्ह या दोघा अवकाशयात्रींनी ‘वुल्कान’ नावाच्या यंत्राने पृथ्वीबाहेरील पहिले वितळजोडकाम केले. हे यंत्र कीव्हच्या पातोन संस्थेत तयार झालेले होते. यानाच्या एका कक्षातील हवा सोडून देऊन तेथे निर्वात केले होते, आणि शेजारच्या कक्षात बसून कुबासोव्ह यंत्र चालवीत होते. जगाला प्रयोग यशस्वी झाल्याचे कळले. यंत्रातील इलेक्ट्रॉनांचा झोत भरकटून त्या कक्षालाच भोक पाडण्याच्या बेतात आला होता, ही हकीकत पुष्कळ वर्षांनी बाहेर आली. पुढे 25 जुलै 1984 रोजी स्वेत्लाना साविस्काया या ‘साल्यूत 7’ स्थानकाच्या बाहेर पडल्या. अवकाशात यानाबाहेर पाऊल टाकणारी ती पहिली स्त्री. साडेतीन तासांच्या त्या फेरीत त्यांनी आणि झानिबेकोव्ह यांनी हातात धरावयाच्या इलेक्ट्रॉन झोताच्या उपकरणाने धातूचे नमुने कापले, जोडले, झाळले आणि त्यांवर मुलामाही चढविला.

अवकाशात गंमत अशी की, हवाच नसल्याने तप्त धातूवर पापुद्रा धरीत नाही. टांकणखाराची गरजच संपली. परंतु वजन नसल्यामुळे वितळलेल्या रसातील बुडबुडे वर येऊन फुटत नाहीत, ते आतच राहून सांधा सच्छिद्र करतात. रस खाली सांडत नाही, पण उडालेला एखादा थेंब कशावरही न पडता सरळ जात राहतो; आणि अवकाशयात्रीच्या पोशाखाला त्याने छिद्र पाडले तर काय होईल, हे सांगावयास नको. या भयामुळेच असेल, पुढे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक उभारताना त्याचे भाग एकमेकांशी जोडले ते बोल्टांनी आणि खिट्ट्यांनी. माझ्या मते तो निर्णय शहाणपणाचा होता. करता येते म्हणून ते करावेच, असा यंत्रविद्येचा आग्रह नाही.

अणुवीजकेंद्रातील सांध्यांबद्दल थोडक्यातच बोलतो. 1969 मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या केंद्रासारख्या, पाणी उकळविणाऱ्या अणुभट्ट्यांच्या नळांत जगभर एक दोष 1970 नंतरच्या वर्षांत आढळू लागला. निर्गंज पोलादाचा नळ सांधताना सांध्याच्या बाजूचा पट्टा तापतो, तेथील क्रोमियम कर्बाशी बांधले जाते, आणि पोलाद न गंजण्याचा आपला गुण त्या अरुंद पट्ट्यापुरता गमावून बसते. मग ताण आणि उष्ण पाणी यांच्या संगतीने तेथे केसासारखी चीर धरते. दुरुस्तीला माणूस पाठवावा, तर तेथे किरणोत्सर्ग आहे. तो दिसत नाही, भाजत नाही, पण मोजला जातो. आपल्या देशातील नियमाप्रमाणे कामगाराला एका वर्षात तीस आणि लागोपाठच्या पाच वर्षांत मिळून शंभर मिलिसीव्हर्टांपेक्षा अधिक मात्रा मिळता कामा नये. म्हणजे निष्णात कारागिराची मिनिटे मोजकीच. ती संपली की त्याच्या हातातले कौशल्य त्या वर्षापुरते निरुपयोगी. म्हणून हुबेहूब नळांची प्रतिकृती बाहेर उभारतात, तीत आठवडेच्या आठवडे तालीम करतात, आणि शक्य तेथे नळाला कडे बसवून त्याभोवती आपोआप फिरणाऱ्या यंत्राकडून सांधा करून घेतात. उष्णताविनिमयकातील गळकी नळी बंद करण्यासाठी तर चक्क स्फोटाचा उपयोग करतात. नळीच्या तोंडात धातूचे बूच आणि त्यात स्फोटक द्रव्याची अल्पशी मात्रा ठेवून उडविली की, बूच आणि नळी इतक्या वेगाने एकमेकांवर आदळतात की दोन्ही धातू न वितळता एकजीव होतात. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांचे तुकडे चिलखती पत्र्याला असे चिकटून बसलेले लोकांनी पाहिले होते. नासधूस करणारी शक्ती जोडण्याच्या कामी आली, ती अशी.

आता पुन्हा समुद्राकडे. ओला सांधा भरवशाचा नाही, मग समुद्रतळावरील तेलाच्या नळाचे काय करायचे? मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर पश्चिमेस, 1974 साली सापडलेल्या बॉम्बे हाय क्षेत्रात सुमारे 75 मीटर पाण्याखाली नळांचे जाळे पसरले आहे, आणि तेथील तेल व वायू उरणपर्यंत समुद्रतळावरूनच येतात. अशा नळाचा सांधा कच्चा राहून भागत नाही.

घंगाळातील पाण्यात पेला पालथा धरून दाबला, तर आत हवा राहते आणि पाणी शिरत नाही. हा खेळ आपण सर्वांनी खेळला आहे. त्याच तत्त्वावर नळाभोवती एक खोलीएवढी पेटी उतरवितात. तिच्या भिंतींतील खाचांतून नळ आरपार जातो, तळ उघडा असतो, आणि आतल्या वायूचा दाब भोवतालच्या पाण्याइतका ठेवलेला असतो. पाणी मागे हटते. आत कोरडी जागा, दिवा, हत्यारे, नळ तापविण्यासाठी विजेची वेटोळी. येथे सांधा शेकता येतो, सावकाश निववता येतो, क्ष-किरणांनी तपासता येतो. थोडक्यात, लोहाराचे छप्परच समुद्राच्या तळाशी नेले. मात्र दाब आपला प्रभाव दाखवितोच: ज्योत आकसते, सुईसारखी अरुंद होते आणि चंचलपणे भटकते. ज्योतीभोवती आर्गॉन वायू सोडतात, आणि तो एवढ्या दाबाखाली हुंगला तर माणसाला गुंगी आणतो; म्हणून कोरड्या खोलीत असूनही कारागिराच्या तोंडावर श्वासाचा मुखवटा असतो.

आणि हा कारागीर राहतो कोठे? पाण्यात दर दहा मीटरांना एका वातावरणाइतका दाब वाढतो. 75 मीटरांवर तो वरच्या साडेआठ पट होतो. त्या दाबाखाली श्वासातील वायू रक्तात व मांसात विरघळतो, आणि माणूस एकदम वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याच्या शरीरात बुडबुडे होतात. त्याने सांधे आखडतात, अर्धांग होते, प्राणही जातो. इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी 1908 मध्ये बकऱ्यांवरील प्रयोगांवरून, किती खोलीवरून किती थांबत वर यावे याची कोष्टके प्रसिद्ध केली. पण खोल पाण्यातील तासाभराच्या कामासाठी कित्येक तास थांबत वर यायचे, हा व्यवहार परवडणारा नव्हता. अमेरिकन नौदलातील डॉक्टर जॉर्ज बाँड यांनी 1957 पासून केलेल्या प्रयोगांतून यावर तोड निघाली. शरीर वायूने एकदा पुरते भरले, की त्यापुढे ते आणखी भरत नाही. मग माणूस एक दिवस खाली राहो की महिना, वर येण्यास वेळ तेवढाच लागणार. तेव्हा त्याने रोज वर येऊच नये.

म्हणून जहाजावर पोलादी टाक्या बसवितात आणि त्यांत समुद्रतळाइतका दाब ठेवतात. पाणबुडे त्यांत राहतात, जेवतात, झोपतात. कधी कधी सलग चार-चार आठवडे. कामाच्या वेळी ते त्या टाकीला जोडलेल्या घंटेसारख्या डब्यात शिरतात, डबा तळाशी जातो, काम होते, डबा परत येऊन टाकीला चिकटतो. नत्रवायू दाबाखाली मद्यासारखी धुंदी आणतो, म्हणून त्याच्या जागी हेलियम. हेलियममुळे आवाज चिरका होतो आणि एकमेकांचे बोलणे उमगेनासे होते. वरच्या माणसाला ते कळावे म्हणून आवाज सुधारणारे यंत्र लावावे लागते. हेलियम शरीराची उष्णता भराभर ओढून घेतो, त्यामुळे टाकीतील तपमान आपल्याला असह्य वाटेल इतके ठेवले, तरच आतल्यांना ऊब वाटते. जहाजावरचा आचारी त्यांच्यापासून हातभर अंतरावर असतो, पण डाळभाताची थाळी दोन दारांच्या छोट्या कपाटातून, दाब सारखा करून, आत द्यावी लागते.

त्या हातभर अंतराचा अर्थ 5 नोव्हेंबर 1983 रोजी जगाला कळला. उत्तर समुद्रात नॉर्वेच्या बाजूला ‘बायफोर्ड डॉल्फिन’ नावाच्या तरत्या विंधनमंचावर चार पाणबुडे नऊ वातावरणांच्या दाबाखाली राहत होते. घंटा आणि टाकी यांना जोडणारी पकड, मधले दार बंद होण्याआधीच सुटली. दाब नवावरून एकावर येण्यास निमिषही लागले नाही. चौघेही पाणबुडे आणि बाहेर काम करणारा एक सोबती तत्काळ मरण पावले; दुसरा सोबती गंभीर जखमी झाला. त्यानंतर पकडींची रचना अशी करण्यात आली की, आत दाब असेपर्यंत ती उघडूच नये. हे आधीच सुचायला हवे होते, असे आज आपण सहज म्हणतो. पण मी ज्या यंत्रांबरोबर आयुष्य काढले, त्यांतल्या बहुतेक साध्या खबरदाऱ्यांच्या मागे कोणाचा तरी असाच हिशोब चुकता झालेला आहे.

पश्चिम किनाऱ्यावर हे काम पावसाळा सरल्यावर सुरू होते आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी आवरते घ्यावे लागते, कारण आषाढातला समुद्र कोणालाच उभे राहू देत नाही. कल्पना करा की, वैशाखातला एखादा दिवस आहे. तळावरच्या पेटीत नळाचा शेवटचा थर घालून झाला आहे. सांधा निवला, क्ष-किरणांची छायाचित्रे वर गेली, निरीक्षकाने ती उजेडासमोर धरून पाहिली आणि मान हलविली. पेटी उचलली जाते. नळात पाणी दाबून त्याची अखेरची कसोटी होते आणि नळ चालू करण्याचा हुकूम सुटतो. ज्याने तो सांधला, तो पाणबुड्या आता जहाजावरच्या टाकीत आहे. त्याचे काम संपले आहे, पण टाकीतला दाब तासातासाला थोडाथोडाच उतरविता येतो. दर तीस मीटरांना सुमारे एक दिवस आणि वर आणखी एक, असा त्याचा ढोबळ हिशोब. त्याचे सोबती जाड काचेच्या गोल खिडकीपाशी येऊन, सांधा उत्तम झाल्याचे त्याला खुणेने सांगतात. तो आतून हसतो. दार उघडायला अजून साडेतीन दिवस आहेत.